बुडालेल्या लीगच्या सह्या

रविवारच्या फोनवर बाबांनी शेवटी विचारलंच. "अगं, ज्या लीगचं नाव तिथल्या पोरांनाही ठाऊक नाही, तिच्यातल्या खेळाडूंच्या सह्या जमवतेस म्हणे. कशाला?"

बाबा सांगलीत असतात आणि पन्नासेक वर्षं पोस्टाची तिकिटं जमवतात. मी उलट विचारलं, "तुमच्या आल्बममध्ये होळकरांची तिकिटं आहेत ना? कुठंय आता होळकर संस्थान?" पलीकडून दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. सांग मग नीट."

नीट सांगायला तीन रविवार लागले. तेच इथे लिहून काढते, कारण न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडूनही हाच प्रश्न मला वर्षातून दोनचारदा येतो.

सुरुवातीलाच सांगते, इथे फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ बहुतेक हातांनीच. खेळाडू अंगावर चिलखतासारखे पॅड आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळतात. या खेळाची सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएफएल, नॅशनल फुटबॉल लीग. तिच्याकडे मैदानं, टीव्हीचे करार, खेळाडू आणि पैसा सगळं आहे. म्हणूनच दर पंधरावीस वर्षांनी कुठला तरी श्रीमंत माणूस उठतो आणि म्हणतो, मी दुसरी लीग काढतो.

क्रिकेटवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. २००७ साली आपल्याकडे इंडियन क्रिकेट लीग निघाली होती, आयसीएल. बीसीसीआयच्या छत्राबाहेरची. तिच्यात मुंबई चॅम्प्स नावाचा संघ होता, तो आता किती जणांना आठवतो? बीसीसीआयनं तिकडे गेलेल्या खेळाडूंना दारं बंद केली, स्वतःची आयपीएल आणली आणि २००९ पर्यंत आयसीएलचा खेळ आटोपला. अमेरिकेत हे नाटक पुन्हा पुन्हा झालं आहे. १९४६ ते १९४९ ऑल अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स चालली. तिच्यातले क्लीव्हलंड ब्राउन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स आणि बॉल्टिमोर कोल्ट्स हे तीन संघ एनएफएलनं पोटात घेतले, बाकीचे संपले. हे अगदी संस्थानं विलीन होण्यासारखंच. १९७४ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीग आली, १९७५ च्या ऑक्टोबरात हंगाम अर्धवट टाकून बंद झाली. २००१ मध्ये कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं एनबीसी वाहिनीच्या साथीनं एक्सएफएल काढली, ती एका हंगामात आटोपली. २०१९ ची अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल त्याहून अल्पायुषी: १० आठवड्यांचा हंगाम ठरला होता, ८ आठवडे खेळून २ एप्रिलला कुलूप.

पण माझा जीव अडकला आहे तो यूएसएफएलमध्ये. युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, १९८३ ते १९८५.

हिची कल्पना चांगली होती. एनएफएल थंडीत खेळते, तर आपण वसंतात खेळू. लोकांना फुटबॉल हवाच असतो. १९८३ मध्ये १२ संघ होते, पुढच्या वर्षी १८ झाले. इतक्या घाईनं वाढवलेली भाकरी तव्यावर फाटतेच. १९८५ ला संघ उरले १४. ब्रेकर्स नावाचा संघ पहिल्या वर्षी बोस्टनमध्ये होता, दुसऱ्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये आणि तिसऱ्या वर्षी थेट पोर्टलंडमध्ये. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर! शिकागो आणि अॅरिझोना यांच्या मालकांनी तर १९८४ च्या आधी आपापल्या संघांची जवळजवळ अदलाबदलच केली. आमच्या न्यू जर्सीचा संघ होता जनरल्स. पहिल्या हंगामानंतर तो विकत घेतला डोनाल्ड ट्रम्प यांनी, तेच ते. हा संघ जायंट्स स्टेडियममध्ये खेळायचा. २०१० मध्ये ते मैदान पाडलं, शेजारी नवं उभं राहिलं. रूट ३ वरून जाताना मी मुलाला तिकडे बोट दाखवते आणि तो दर वेळी न बघता "हो, माहितीये" म्हणतो.

ही लीग खेळाडूंच्या बाबतीत मात्र कंजूष नव्हती. हर्शेल वॉकर हा कॉलेजच्या फुटबॉलमधला चेंडू घेऊन धावणारा सगळ्यात गाजलेला खेळाडू, १९८२ चा हाइजमन करंडक, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचा. शेवटचं वर्ष बाकी असतानाच तो जनरल्सकडे आला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, जिम केली ह्यूस्टन गॅम्बलर्सकडे गेला. स्टीव्ह यंगला लॉस एंजलिस एक्स्प्रेसनं १९८४ मध्ये ४ कोटी डॉलरचा करार दिला, त्यातला बराचसा पैसा पुढच्या कित्येक दशकांत हप्त्याहप्त्यानं मिळायचा होता. बचाव फळीतला रेजी व्हाइट मेम्फिस शोबोट्सकडून खेळला. यातले केली, यंग आणि व्हाइट तिघंही पुढे एनएफएल गाजवून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, पोचले.

मग १९८६ साठी मालकांनी ठरवलं की आपण वसंत सोडून थंडीतच, एनएफएलच्या नाकासमोर खेळायचं. त्या बेतामागे ट्रम्प यांचा जोर होता. आणि एनएफएल मक्तेदारी करते म्हणून तिच्यावर खटला भरला. न्यूयॉर्कच्या न्यायालयात जुलै १९८६ मध्ये ज्युरीनं निकाल दिला: हो, एनएफएल दोषी आहे. नुकसानभरपाई? १ डॉलर. तुमचं नुकसान मुख्यतः तुमच्याच कारभारानं झालं, असा त्याचा अर्थ. मक्तेदारीविरोधी कायद्यात भरपाई तिप्पट होते, म्हणून ३ डॉलर, आणि पुढे व्याजासकट ३ डॉलर ७६ सेंट. थंडीतला तो हंगाम झालाच नाही.

हे ऐकून बाबा एवढे हसले की आईनं विचारलं काय झालं.

आता कार्डांकडे वळते.

अमेरिकेत खेळाडूंची कार्डं ही जुनी गोष्ट. अडीच इंच बाय साडेतीन इंच, पुढे फोटो, मागे आकडेवारी. आपल्याकडे बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचे फोटो यायचे, तसंच हे, फक्त इथे त्याचा मोठा धंदा झाला. त्यातली तेव्हाची सर्वांत मोठी कंपनी टॉप्स. तिनं यूएसएफएलचे दोन संच काढले, १९८४ चा आणि १९८५ चा, प्रत्येकी १३२ कार्डांचा.

१३२ च का? मला हा आकडा फार दिवस छळत होता. उत्तर छापखान्यात आहे. टॉप्स त्या काळी एका मोठ्या तावावर १३२ कार्डं छापायची: ११ गुणिले १२. म्हणून तिच्या जुन्या संचांचे आकडे पाहिले तर ३९६, ५२८, ७९२ असे १३२ च्या पाढ्यातले दिसतात. एनएफएलचा संच म्हणजे तीन ताव. यूएसएफएलच्या वाट्याला एकच ताव आला. लीगची किंमत कंपनीच्या लेखी किती होती, ते एवढ्यावरून कळतं. १८ संघांत शेकडो खेळाडू, त्यातल्या जेमतेम १३० जणांना कार्ड मिळालं. संघामागे सरासरी सात.

शिवाय हे संच गमबरोबर दुकानात पाकिटांतून विकले गेले नाहीत. छोट्या खोक्यात अख्खा संच भरून तो कार्डविक्रेत्यांमार्फत गेला. या एका गोष्टीनं पुढे मोठी गंमत केली. संग्राहकांच्या जगात खेळाडूचं 'रुकी कार्ड', म्हणजे पहिलं कार्ड, सगळ्यात मौल्यवान. पण पहिलं म्हणजे कोणतं? त्या काळच्या दरपत्रकांनी नियम केला होता की रुकी कार्ड पाकिटातून आलेलं, नेहमीच्या मोठ्या संचातलंच हवं. खोक्यातून आलेल्याला ती पदवी नाही. मग अशा कार्डांसाठी बेकेट या कंपनीच्या दरपत्रकात वेगळी खूण आली, एक्सआरसी. लग्नपत्रिकेत नाव आहे, पण 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या ओळीत नाही, असा काहीसा प्रकार.

तर १९८४ च्या या खोक्यात ३६ नंबरला जिम केली आहे, ५२ ला स्टीव्ह यंग, ५८ ला रेजी व्हाइट, ७४ ला हर्शेल वॉकर. यंग आणि व्हाइट यांची एनएफएलची पहिली कार्डं आली १९८६ मध्ये, केली आणि वॉकर यांची १९८७ मध्ये. दोनतीन वर्षं आधीची, कमी संख्येत छापलेली, बुडालेल्या लीगची कार्डं त्यापेक्षा जास्त भाव खाऊन बसली आहेत. नियमाच्या पुस्तकात त्यांना दुय्यम जागा आहे, बाजारात नाही. बाबांना हे लगेच पटलं. तिकिटांच्या जगातही कॅटलॉग एक सांगतो आणि लिलाव दुसरंच.

इथपर्यंत हा नुसता कार्डांचा छंद झाला. सह्यांचं शास्त्र वेगळं आहे.

सही कार्डावर येते ती मुख्यतः तीन वाटांनी. पहिली, कंपनीच सही करून घेते आणि सहीचं कार्ड पाकिटात टाकते. यातही दोन जाती आहेत. खेळाडूनं थेट कार्डावर केलेली सही, आणि कंपनीनं पाठवलेल्या पारदर्शक स्टिकरच्या तावांवर शेकड्यानं केलेली सही, जी मग कारखान्यात कार्डावर चिकटवतात. दुसऱ्या प्रकारात खेळाडूनं ते कार्ड कधी पाहिलेलंही नसतं. मला ती चिकटवलेली सही आवडत नाही. टपालाचं तिकीट पाकिटावर शोभतं, सही कार्डावर चिकटवलेली नाही शोभत. १९८४ ला अर्थातच यातलं काहीच नव्हतं. त्या कार्डांवरची प्रत्येक सही नंतर कुणीतरी मागून घेतलेली आहे.

दुसरी वाट प्रदर्शनांची. हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, जुना खेळाडू बसतो, सहीमागे दर ठरलेला असतो. मोठी नावं इथेच भेटतात.

तिसरी वाट पोस्टाची, आणि माझं खरं प्रेम तिच्यावर. खेळाडूचा पत्ता मिळवायचा, हातानं पत्र लिहायचं, बरोबर कार्ड ठेवायचं, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालायचं. हे पाकीट विसरलात तर उत्तराची आशा सोडा. पत्र एका पानाच्या वर नको. "मी तुमची फार मोठी चाहती" वगैरे तर नकोच. १९८४ मध्ये मी सांगलीत बालवाडीत होते, हे माझ्या नावावरून आणि अक्षरावरून त्यांना बहुधा कळतंच. मी सरळ लिहिते की मी भारतातून आले, तुमच्या लीगबद्दल वाचतेय, आणि अमुक सामन्याबद्दल एक प्रश्न आहे. प्रश्न खरा असला की माणसं उत्तर देतात. एका माजी लाइनमननं, म्हणजे पुढच्या फळीत धडका घेणाऱ्या खेळाडूनं, मला दोन पानी उत्तर लिहिलं, त्यात फुटबॉल अर्धं पान, बाकी त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल.

पत्ता चुकण्याचे किस्सेही आहेत. एकदा माझं पाकीट त्याच नावाच्या भलत्याच गृहस्थाकडे गेलं. महिन्यानं परत आलं. कार्डावर निळ्या शाईत टपोरी सही, आणि सोबत चिठ्ठी: मी आयुष्यात कधी फुटबॉल खेळलो नाही, माझे गुडघे शाबूत आहेत, पण इतक्या प्रेमानं मागितलीत म्हणून केली. ते कार्ड मी वेगळं ठेवलं आहे. संग्रहात ते बसत नाही, पण टाकवतही नाही.

पेनाचंही सांगायला हवं, कारण नवखे हटकून तिथेच चुकतात. बॉलपेन कार्डाला चर पाडतं आणि शाई धड उतरत नाही. जेल पेन पुसतं. सर्वमान्य हत्यार म्हणजे शार्पी मार्कर, बारीक टोकाचा, निळा. काळी सही फोटोतल्या गडद भागात हरवते. १९८४ ची टॉप्सची कार्डं साध्या पुठ्ठ्याची, मागची बाजू खरखरीत राखाडी. अशा कार्डावर शाई चटकन मुरते. पुढच्या काळातली कार्डं मात्र चकचकीत. त्यांच्यावर मार्कर टेकवला की शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते आणि सही तुटक उमटते. त्यावर उपाय घरगुती आहे: कापसानं किंचित बेबी पावडर चोळायची, झटकून टाकायची, मग सही. माझ्या टेबलावर बेबी पावडरचा डबा पाहून सासूबाई आधी भलत्याच आनंदल्या होत्या, तो विषय इथे नको. सही झाली की कार्ड उन्हापासून लांब ठेवायचं. खिडकीजवळ फ्रेम करून लावलेली सही काही वर्षांत फिकी जांभळी पडते.

एक वाद या छंदात कायमचा आहे: सहीनं कार्डाची किंमत वाढते की बिघडते? काही जुने संग्राहक म्हणतात, कार्डावर शाई म्हणजे कार्ड खराब. कार्डांची तपासणी करून एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि दहापैकी दहा मिळू शकेल असं यंगचं कोरं कार्ड हातात असेल तर त्यावर सही घेणं मलाही धाडसाचं वाटतं. म्हणून मी कोपरे मऊ पडलेली, थोडी तिरकी छापलेली कार्डं सहीसाठी काढते. लग्नाचा शालू रोज कुणी नेसत नाही.

आता खोटेपणा. जिथे पैसा आहे तिथे तो असणारच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन नावाची मोहीम चालवून कॅलिफोर्नियातली खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले. कोलकात्यात कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्या चेंडूवर सही कधी करत बसल्या, हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाला पडला नसावा.

यूएसएफएलच्या बाबतीत मेख अशी की खोट्या सह्या मोठ्या चार नावांच्याच होतात. पुढच्या फळीतल्या कुठल्या तरी अनोळखी खेळाडूची सही खोटी करून कुणाचं पोट भरणार? म्हणून मोठ्या नावांसाठी मी पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासलेलंच घेते, आणि बाकीच्यांसाठी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबते. कार्ड दिव्याखाली तिरकं धरायचं. माणसाची सही जिवंत असते: रेघ सुरू होताना बारीक, वळणावर जाड, वेग वाढला की पुसट. हळूहळू गिरवलेल्या सहीत रेघेची जाडी सगळीकडे सारखी आणि मधेच सूक्ष्म थरथर दिसते. ऑटोपेन नावाचं यंत्र असतं, ते पेन धरून एकच सही हजारदा काढतं. दोन कार्डांवरच्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर समजायचं, यंत्राचं काम. कुणीही माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. आणि भिंगातून पाहिल्यावर शाईऐवजी रंगीत ठिपके दिसले, तर ती सही नाहीच, छपाई आहे.

आणखी एक सावधगिरी. २०२२ मध्ये यूएसएफएल हेच नाव घेऊन नवी लीग निघाली, जुन्याच संघांची नावं उचलून. दोन हंगामांनी ती एक्सएफएलच्या नव्या अवताराशी जोडली गेली आणि २०२४ पासून दोन्ही मिळून यूएफएल झाली. त्यामुळे विक्रीच्या यादीत 'जनरल्स, सही केलेलं' असं दिसलं की आधी साल पाहायचं. मी एकदा घाईत पैसे भरले आणि घरी आलेल्या कार्डावर जो मुलगा होता, तो जुनी लीग बुडाली तेव्हा जन्मलाही नव्हता.

आता बाबांच्या मूळ प्रश्नाकडे येते. अनोळखी माणसांच्या सह्या कशाला?

मी सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, वॉकर, केली, यंग यांच्या सह्या मिळवल्या की मोठं काम झालं. प्रत्यक्षात ते सगळ्यात सोपं निघालं. ती माणसं आयुष्यभर सह्या करत आली आहेत. पैसे मोजले की सही मिळते. वॉकर तर २०२२ मध्ये जॉर्जियातून सिनेटची निवडणूकही लढला, त्याच्या सहीला आता राजकारणातलं गिऱ्हाईकही आहे. रेजी व्हाइट डिसेंबर २००४ मध्ये ४३ व्या वर्षी गेला, त्यामुळे त्याची सही मर्यादित, पण तोवर वीस वर्षं लोक त्याच्यापुढे कार्ड धरत होते. म्हणजे महाग पडेल, पण आहे.

अवघड आहे तो ज्याच्यापुढे कुणी कार्ड धरलंच नाही असा माणूस. दोन हंगाम खेळला, लीग बुडाली, एनएफएलनं घेतलं नाही, मग कुठे शाळेत प्रशिक्षक झाला, कुठे ट्रकचा धंदा केला, आणि वयाच्या पन्नाशीत गेला. त्याचं कार्ड फुटकळ भावाला मिळतं. पण त्या कार्डावरची सही? ती जगात एकही नसू शकते, कारण तो हयात असताना कुणाला मागावीशी वाटली नाही. संच पुरा करणारे लोक अशा एका कार्डापायी दहा दहा वर्षं थांबतात. बाजाराचं गणित इथे उलटं होतं: कार्ड तारांकित खेळाडूचं महाग, सही अनामिकाची दुर्मीळ.

मग पळवाटा निघतात. कुणाकडे त्या खेळाडूनं सही केलेला जुना कार्यक्रमपत्रिकेचा कागद असतो, कुणी त्याचा वटलेला चेक विकायला काढतो. तेवढा सहीचा तुकडा कापून कार्डासोबत एका चौकटीत बसवतात. याला कट सही म्हणतात. काहींना हे मान्य नाही, मला नाइलाजानं मान्य आहे.

वर्ल्ड फुटबॉल लीगवाल्यांची अवस्था याहून बिकट. टॉप्सनं त्या लीगचा संचच काढला नाही. लॅरी झॉन्का, जिम कीक, पॉल वॉरफील्ड असे मायामीचे तीन नामांकित खेळाडू १९७५ मध्ये मेम्फिसकडे गेले तरीही नाही. या लीगची एक कथा मी कुणालाही सांगते. १९७४ ची अंतिम लढत बर्मिंगहॅम अमेरिकन्सनं २२-२१ अशी जिंकली, आणि सामना संपल्यावर शेरिफची माणसं येऊन विजेत्या संघाचे गणवेश जप्त करून घेऊन गेली, कारण त्यांचे पैसेच चुकते झाले नव्हते. अशा लीगची कार्डं कोण छापणार! तेव्हा चाहत्यांनीच जुने फोटो मिळवून, जुन्या धाटणीची कार्डं स्वतः तयार केली आहेत. अशी घरगुती दोन कार्डं एखाद्या निवृत्त खेळाडूला पाठवायची, एक सही करून परत, एक त्याला ठेवायला. सत्तरीतल्या माणसाला स्वतःचं पहिलं कार्ड पोस्टानं येतं. ही कार्डं विकताना 'नंतर तयार केलेलं' असं स्वच्छ लिहायला हवं, एवढी अट पाळली की यात गैर काही नाही.

एक्सएफएलची मजा निराळी. तिथे खेळाडूंना पाठीवर आडनावाऐवजी टोपणनाव लिहायची मुभा होती आणि लास वेगस आउटलॉजच्या रॉड स्मार्टनं 'ही हेट मी' असं लिहून घेतलं, व्याकरण वाऱ्यावर सोडून. लीग गेली, ते तीन शब्द राहिले. टॉप्सनं २००१ मध्ये तिचाही संच काढला, आणि स्मार्टच्या कार्डावर सहीखाली ते तीन शब्द असले तर त्याची गोडी वाढते.

माझं १९८४ चं खोकं अजून अर्धंही भरलेलं नाही. जेवणाच्या टेबलाचं एक टोक कायम त्यानंच अडलेलं असतं: वही, मार्कर, पावडरचा डबा, तिकिटांचा गुंडाळा. वहीत प्रत्येक कार्डापुढे पाठवल्याची तारीख, आल्याची तारीख, आणि शेरा. 'पत्ता बदलला', 'नकार', 'निधन', 'दोनदा पाठवलं, उत्तर नाही'. परवाच एक पाकीट आलं, माझ्याच अक्षरात माझंच नाव असलेलं. आत डेन्व्हर गोल्डच्या एका बचावपटूचं कार्ड, सही जरा कापरी, खाली जर्सीचा नंबर. मी लगेच कार्डाचा फोटो काढून सांगलीला पाठवला.

बाबांचा पाच मिनिटांत फोन. सहीबद्दल एक अक्षर नाही.

"पाकिटाचा फोटो कुठंय? शिक्का कुठल्या गावचा आहे? तारीख नीट उमटलीय का?"

"पाकीट... फाडून टाकलं, बाबा."

"आणि आधीची?"

मी गप्प. सही अमुक माणसाच्या गावातून अमुक दिवशी आली याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच शिक्का होता, हे मला त्या क्षणी कळत होतं. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, आणि तो बुधवार होता.